शब्दचर्चा : ‘अनंतस्पर्शी मुक्तता’ – क्वार्क जवळ मोकळा की लांब?

गोदाकाठ (नांदेड)
पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी कणभौतिकीच्या मराठी टिपणांचं काम चालू आहे. तीव्र बलाच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनलेत त्या क्वार्कना एकत्र बांधणाऱ्या बलाच्या प्रकरणात एक शब्द अडलाय. १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी जे दाखवलं (त्याचं नोबेल २००४ मध्ये मिळालं), त्यासाठी ‘अनंतस्पर्शी मुक्तता’ (asymptotic freedom) असा शब्द वापरतात. दोन क्वार्क जितके जवळ तितकी त्यांची एकमेकांवरची पकड ढिली, अगदी जवळ आले की ते जवळपास मोकळेच, असा त्याचा अर्थ. शब्द वाचून मुलं मात्र नेमकं उलटं लिहितात : ‘क्वार्क अनंत अंतरावर मुक्त होतो.’ यात मुलांचा दोष धरता येत नाही. गुरुत्व आणि विद्युत ही दोन्ही बलं अंतरासोबत घटतात हेच त्यांनी शाळेपासून शिकलेलं असतं. इथला ‘अनंत’ ऊर्जेचा आहे, आणि ऊर्जा जितकी जास्त तितकं अंतर कमी. अंतराच्या बाजूनं बघितलं तर तिथं शून्य येतं. वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेला ढकलणार नाही असा शब्द सुचवा.

मांजरा (लातूर)
शब्द बदलू नका, एक ओळ जास्तीची लिहा. ‘अनंतस्पर्शी’त जी छटा आहे ती दुसऱ्या शब्दात येणार नाही. वक्र रेषेजवळ सरकत जातो, पण सांत ठिकाणी कुठंच टेकत नाही. तीव्र बलाच्या जोडणीचा अंक (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) तसाच वागतो. टाऊ कणाच्या वस्तुमानाशी, म्हणजे १.७८ जीईव्हीला (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक), तो साधारण ०.३ च्या थोडा वर असतो. झेड कणाशी, ९१ जीईव्हीला, ०.११८. हजार जीईव्हीला गेलात तरी ०.०९ च्या आसपास. घट लॉगरिदमनं होते, फार सावकाश. शून्य कधीच होत नाही. नुसतं ‘मुक्त’ लिहिलं तर मुलं शून्य धरून गणित करतील आणि उत्तरातल्या दुरुस्त्या सोडून देतील. हा धोका तुमच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

दुधना (जालना)
मुक्तीला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. कीर्तनात चार मुक्ती सांगतात : सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. त्यातली दुसरी इथं चपखल बसते. ‘समीपता मुक्ती’, किंवा समास करून ‘समीपमुक्ती’. जवळ आलं की मोकळं. शब्द वाचताक्षणी दिशा कळते, उलटा अर्थ निघायला जागाच राहत नाही.

बालाघाट (अंबाजोगाई)
दुधनाताई, शब्द गोड आहे, पण दोन अडचणी आहेत. पहिली भाषेची. समीपता मुक्तीत समीपता हे मुक्तीचं स्वरूप आहे, देवाजवळ राहणं हीच ती मुक्ती. इथं समीपता हे कारण आहे. समास तोच राहतो, विग्रह बदलतो. दुसरी अडचण ‘मुक्ती’चीच. मुक्ती म्हणजे कुणाच्या तरी तावडीतून सुटका. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो, स्वातंत्र्यदिन म्हणत नाही, कारण निजामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटका झाली हे त्या शब्दात आहे. क्वार्कची कुणी सुटका करत नाही. ‘मुक्तता’ तर कोर्टाची भाषा, निर्दोष मुक्तता. मला ‘स्वैरता’ बरा वाटतो. ‘समीप-स्वैरता’.

मांजरा (लातूर)
स्वैर म्हटलं की वाटेल तसा हुंदडणारा. क्वार्क तसा नसतो. उच्च ऊर्जेच्या धडकेत तो मुक्त कणाच्या समीकरणाप्रमाणे सरळ जातो, म्हणून तर गणित जमतं. १९६८ पासून स्टॅनफर्डला प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवले तेव्हा ते आतल्या ठिपक्यांवरून उडाल्यासारखे उडाले. ठिपके मोकळे असल्यासारखे वागत होते, पण बाहेर एकही निघत नव्हता. त्याचं उत्तर १९७३ ला मिळालं.
आणि ‘समीप’ म्हणजे किती, तेही ठरवावं लागेल. १ जीईव्ही म्हणजे साधारण ०.२ फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) हे रूपांतर लक्षात ठेवा. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर. प्रोटॉनच्या आत दोन क्वार्क आहेत म्हणून ते ‘समीप’ ठरत नाहीत, तिथं तर जोडणी चांगलीच घट्ट असते. ९१ जीईव्हीला अंतर पडतं ०.००२ फेम्टोमीटर. ‘समीपमुक्ती’ वाचून मुलगा म्हणेल की प्रोटॉनच्या आत सगळे मोकळे हिंडतात. म्हणजे एक गैरसमज काढून दुसरा घातला.

गोदाकाठ (नांदेड)
हा मुद्दा मान्य, अंतर टिपणात घालतो. कारण सांगताना मी असं लिहिलंय : क्वार्कच्या जोड्या पोकळीत उद्भवून मूळ भार (तीव्र बलाचा, ज्याला ‘रंग’ म्हणतात) झाकतात, ग्लुऑन (तीव्र बल पोचवणारे कण) स्वतःच भार वाहतात म्हणून ते उलट भार पसरवतात. जोडणी ऊर्जेसोबत कशी घटते त्या सूत्रात ३३ वजा क्वार्कच्या प्रकारांची दुप्पट. सहा प्रकार धरले तर ३३ वजा १२, म्हणजे २१. आकडा धन, म्हणून ग्लुऑनची सरशी. क्वार्कचे १७ प्रकार असते तर आकडा ऋण झाला असता आणि ही मुक्तता राहिलीच नसती. विद्युत बलात झाकणारेच आहेत, पसरवणारा कुणी नाही, म्हणून तिथला जोडणीचा अंक १/१३७ झेडच्या ऊर्जेला १/१२८ होतो, वाढतो.

बिंदुसरा (बीड)
याच प्रकरणात पुढं दुसरा शब्द येणार आहे, तो आधी ठरवा. क्वार्क एकटा बाहेर का सापडत नाही त्याला काय म्हणायलात? हिंदीतून आलेला ‘परिरोध’ कुणाला कळत नाही. ‘बंदिवास’ लिहिला की भिंती आल्या. भिंत कुठंच नाही.
माझ्या मते दावणीचं दावं हे जास्त जवळचं आहे. खुंट्यापाशी जनावर असलं की दावं सैल, लांब गेलं की ओढ. एकाच चित्रात दोन्ही शब्द बसतात.

मांजरा (लातूर)
चित्र चांगलं आहे, पण दोन ठिकाणी सुटतं, आणि ती दोन्ही ठिकाणं टिपणात आलीच पाहिजेत. दावं संपेपर्यंत सैल असतं आणि एकदम ताणतं. क्वार्कच्या बाबतीत अर्ध्या फेम्टोमीटरच्या पुढं गेलात की ओढ जवळपास कायम राहते, दर फेम्टोमीटरला सुमारे १ जीईव्ही. न्यूटनमध्ये काढा : १.६ लाख न्यूटन, म्हणजे १६ टन वजनाइतकी. अंतर वाढलं म्हणून ती कमी होत नाही.
दुसरं, दावं तुटलं की जनावर सुटतं. इथं साधारण सव्वा ते दीड फेम्टोमीटरला ताणात एवढी ऊर्जा साठते की नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क तयार होतो. प्रत्येक तुकड्याच्या तुटक्या टोकाला नवा जोडीदार. सुटलं कुणीच नाही. म्हणून धडकेतून एकटा क्वार्क येत नाही, हॅड्रॉनांचा (क्वार्कांच्या बनलेल्या कणांचा) झोत येतो. १९७९ साली हॅम्बुर्गला तीन झोत दिसले, तिसरा ग्लुऑनचा. तोच ग्लुऑनचा पहिला थेट पुरावा.

बिंदुसरा (बीड)
मग ‘रंगबंदी’ घ्या. दारूबंदी, जिल्हाबंदी, निर्यातबंदी या घाटाचा शब्द आहे. कांद्याची निर्यातबंदी म्हटलं की कांद्याला कोंडलंय असं कुणी समजत नाही, बाहेर जायची मनाई आहे एवढंच समजतं. इथं मनाई रंगाला आहे. क्वार्कला म्हणायचं तर टॉप क्वार्क, सहांतला सगळ्यात जड, आडवा येतो. त्याचं वस्तुमान १७३ जीईव्ही आणि आयुष्य ५ × १०⁻²⁵ सेकंद. हॅड्रॉन बांधायला लागतो त्यापेक्षा कमी वेळात तो विरतो. म्हणजे तो हॅड्रॉनमध्ये न बांधला जाताच संपतो. पण त्याचा रंग बॉटम क्वार्ककडं जातो आणि तो शेवटी झोतातच अडकतो. क्वार्कबंदी मोडली, रंगबंदी मोडली नाही.

दुधना (जालना)
रंगबंदी फार आवडला. उलट शब्दही तयार मिळतो : ‘बंदी उठली’. साधारण १५५ एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग) तापमानाला, म्हणजे १.८ लाख कोटी केल्व्हिनला, क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होतो, तिथं रंगबंदी उठते.

मांजरा (लातूर)
‘उठते’ नको, ‘शिथिल होते’ म्हणा. जाळीवरच्या गणितांनी (अवकाश-काळाची जाळी धरून संगणकावर केलेल्या) दाखवलंय की बॅरिऑनांची (प्रोटॉनसारख्या तीन क्वार्कच्या कणांची) जादा भर नसेल तर हा बदल पाणी उकळल्यासारखा एका तापमानाला टक्क होत नाही, सावकाश सरकत होतो. सरकारी आदेशात ‘निर्बंध शिथिल’ असतं, तेच इथं नेमकं.

बालाघाट (अंबाजोगाई)
बंदी बाहेरून, हुकमानं येते. इथं हुकूम देणारा नाही, ओढ ग्लुऑनांतूनच उगवते. म्हणून ‘बंदी’ला माझा विरोध. ‘बंद’ फारसीतून आलेला आहे म्हणून म्हणत नाही, संस्कृत ‘बन्ध’ आणि फारसी ‘बंद’ एकाच कुळातले. ‘रंगबंध’ लिहा, एका अक्षराचाच फरक आहे.
पण त्याआधी ‘रंग’ तरी बरोबर आहे का? शास्त्राचं नाव ‘पुंज वर्णगतिकी’ (quantum chromodynamics), भार ‘रंगभार’, अवस्था ‘वर्णहीन’. एकाच पानावर दोन मूळं. शास्त्रीय शब्द संस्कृतातून घेतला की साधित रूपं पटापट होतात : वर्ण, सवर्ण, विवर्ण, वर्णांतर.

बिंदुसरा (बीड)
सर, तुम्ही जी रूपं दिलीत त्यातला ‘सवर्ण’ शब्द वर्गात उच्चारून बघा. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला जात आठवते. मराठवाड्यातल्या कॉलेजात ही गोष्ट बाजूला ठेवून परिभाषा करता येणार नाही. व्याकरणात ‘वर्ण’ म्हणजे अक्षर, ते वेगळंच. ‘वर्णपट’ रुळलाय तो रुळू द्या, पण तो प्रकाशाचा आहे आणि क्वार्कच्या रंगाचा प्रकाशाशी काही संबंध नाही. ‘वर्ण’ घेतला की वर्णपट आठवतो आणि मुलं तरंगलांबी विचारतात. रंगगतिकी, रंगभार, सगळीकडं रंग.

गोदाकाठ (नांदेड)
रंग का लागला ते सांगितलं की हा गोंधळ उरत नाही. डेल्टा कण, दोन धन भारांचा : तीन अप क्वार्क, तिन्हींची फिरकी एकाच दिशेला. पाउलीच्या नियमानं असे तीन एकसारखे एकत्र बसूच शकत नाहीत. म्हणून तीन किमती असलेली आणखी एक खूण हवी. मोजून बघायची सोयही आहे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन धडकेतून हॅड्रॉन किती वेळा निघतात आणि म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची) जोडी किती वेळा निघते याचं गुणोत्तर घ्या. अप, डाउन, स्ट्रेंज यांच्या भारांच्या वर्गांची बेरीज २/३. रंग तीन म्हणून तिप्पट, म्हणजे २. चौथा क्वार्क, चार्म, सुरू होण्याआधीच्या ऊर्जेला मोजमाप २ च्या जवळ येतं, २/३ च्या नाही.
माझी अडचण ‘रंग नसलेला’ यावर आहे. प्रोटॉनला काय म्हणू?

दुधना (जालना)
‘बेरंग’ मात्र लिहू नका. मराठीत बेरंग म्हणजे रसभंग, कार्यक्रमाचा बेरंग झाला. ‘रंगहीन’ चालेल, पण त्यात काहीतरी कमी असल्याची छटा येते. ‘निरंग’ बघा.

मांजरा (लातूर)
‘पांढरा’ तर मुळीच नको. लाल, हिरवा, निळा मिळून पांढरा हे पहिल्या दिवशी सांगायला बरं, पुढं नडतं. लाल-प्रतिलालची जोडीही ‘पांढरी’ वाटायला लागते, आणि ती एकटी तशी नसते. तिन्ही जोड्या सारख्या वजनानं बेरजेत आल्या तरच निरंग. याच्यावर ग्लुऑनांची संख्या अवलंबून आहे. तीन रंग गुणिले तीन प्रतिरंग, नऊ. त्यातली ती एक निरंग बेरीज वगळायची, उरले आठ. नववा ग्लुऑन असता तर तो रंगबंदीत अडकला नसता आणि प्रोटॉना-प्रोटॉनांत लांबवर पोचणारं तीव्र बल दिसलं असतं. प्रत्यक्षात ते दोनेक फेम्टोमीटरलाच संपतं.

बालाघाट (अंबाजोगाई)
आठांच्या गटाला ‘अष्टक’ हा शब्द तयार आहे, मंगलाष्टकातला. यावर तरी दुमत नसावं. १९६१ साली गेल-मान यांनी कणांचे गट पाडणाऱ्या त्यांच्या मांडणीला बुद्धाच्या मार्गाचं नाव दिलं होतं. आपल्याकडे ‘अष्टांगिक मार्ग’ घरोघरी माहीत आहे, तोच वापरावा, नवा घडवू नये.

मांजरा (लातूर)
वापरा, पण ग्लुऑनांच्या प्रकरणात नको. १९६१ चं अष्टक स्वादांचं, म्हणजे क्वार्कच्या प्रकारांचं : अप, डाउन, स्ट्रेंज यांच्या अदलाबदलीतून येणारं, प्रोटॉन-न्यूट्रॉनसकट आठ बॅरिऑन. ती सममिती अंदाजे आहे, कारण स्ट्रेंज क्वार्क जड. ग्लुऑनांचं अष्टक रंगांचं, आणि ती सममिती काटेकोर. दोन्हींचं गणिती नाव एकच, एसयू-३, म्हणून परीक्षेत हमखास गल्लत होते. ‘स्वाद-अष्टक’ आणि ‘रंग-अष्टक’ असं उपपद लावल्याशिवाय ‘अष्टक’ छापू नका.

बिंदुसरा (बीड)
उपपद लावाच, पण ‘स्वाद’ कशाला? ‘चव’ म्हणा की. क्वार्कच्या सहा चवी, चव-अष्टक. रंग चालतो तर चव का नको?

बालाघाट (अंबाजोगाई)
कारण ‘चव’पासून शास्त्रीय साधित शब्द सहज होत नाहीत. स्वादबदल, स्वादनिरपेक्ष, सस्वाद हे शब्द पुढच्या प्रकरणात लागणार आहेत. ‘चवनिरपेक्ष’ छापून दाखवा.

दुधना (जालना)
‘चवनिरपेक्ष’ मला खटकत नाही. तीव्र बल सहाही चवींच्या क्वार्कना सारखंच धरतं हे त्यातून सरळ कळतं. समीपमुक्तीचा विग्रहही मी अजून सोडलेला नाही, तृतीया तत्पुरुष घ्या : समीपतेनं मुक्ती.