ब्रायन फ्लोरेस विरुद्ध एनएफएल: मुलाखत होती की नुसता सोपस्कार?

मेडोलँड्सकर

न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे न्यूयॉर्क जायंट्सचा चाहता होणं ओघानेच आलं, त्यांचं मैदान इथेच आहे. तरी या प्रकरणात आमच्या क्लबची बाजू घ्यायला जीभ रेटत नाही. खेळात गुणवत्ताच चालते, तिथे रंग कोण बघतो, असं कायम ऐकायला मिळतं, म्हणून हा धागा. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडूवाला. मेस्सीचा नव्हे. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग.)

ब्रायन फ्लोरेस हा होंडुरासहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, ब्रुकलिनच्या ब्राउन्सविलमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. २०१९ ते २०२१ मायामी डॉल्फिन्सचा हेड कोच होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याला नारळ मिळाला. १ फेब्रुवारीला त्याने मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात एनएफएल, मायामी, जायंट्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोस यांच्यावर दावा ठोकला, तोही एकट्यासाठी नाही, त्याच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने. म्हणणं असं की कृष्णवर्णीयांना हेड कोच नेमताना आणि काढताना भेदभाव होतो. पुढे स्टीव्ह विल्क्स आणि रे हॉर्टन हे दोन प्रशिक्षकही त्यात आले. लीगने काही तासांतच "दाव्यात तथ्य नाही" म्हणून हात झटकले.

आता रूनी नियम, पिट्सबर्ग क्लबचे तेव्हाचे मालक डॅन रूनी यांच्या नावाचा. २००२ मध्ये टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन यशस्वी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना काढल्यावर जॉनी कॉक्रन (हो, ओ. जे. सिम्प्सनचे वकील तेच) आणि सायरस मेहरी यांनी अहवाल काढून लीगला कोर्टात खेचायची धमकी दिली. त्यातून २००३ मध्ये नियम आला: हेड कोचची जागा भरताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. नंतर तो आणखी कडक झाला. नोकरी द्यायची सक्ती नाही, फक्त मुलाखतीची.

आणि आता ते मेसेज. २४ जानेवारी २०२२, सोमवार. फ्लोरेसचा जुना बॉस, न्यू इंग्लंड पेट्रियट्स क्लबचा कोच बिल बेलिचिक, त्याला अभिनंदनाचा मेसेज करतो. फ्लोरेस गोंधळतो, कारण जायंट्सबरोबरची त्याची मुलाखत गुरुवारी आहे. बेलिचिक लिहितो की बफेलो आणि जायंट्स दोन्हीकडून ऐकलंय, त्यांना तूच हवायस. फ्लोरेस आधी आभार मानतो, मग त्याला शंका येते. विचारतो, कोच, तुम्ही ब्रायन फ्लोरेसशी बोलताय की ब्रायन डेबॉलशी? त्यावर बेलिचिकची शिवीसकट माफी: मेसेज चुकीचा वाचला, बहुतेक डेबॉलला नेमतायत. (डेबॉल म्हणजे बफेलो क्लबचा गोरा सहायक प्रशिक्षक.)

म्हणजे मुलाखतीच्या तीन दिवस आधी निकाल ठाऊक. तरी फ्लोरेस जायंट्सच्या नव्या जीएमबरोबर (जनरल मॅनेजर) जेवायला गेला, गुरुवारी मुलाखत दिली. शुक्रवारी डेबॉलचं नाव जाहीर.

डेबॉल लायक होता की नव्हता, यात मला रस नाही. गुरुवारी त्या खोलीत बसलेल्यांना फ्लोरेसचं ऐकायचं होतं का, एवढंच विचारतोय.

सरळमार्गी

असहमत. बेलिचिक जायंट्सचा नोकर नाही, प्रवक्ता नाही. त्याने ऐकलं, त्याने चुकीच्या ब्रायनला कळवलं. याला गावगप्पा म्हणतात, पुरावा नाही. जायंट्सने सांगितलंय की शेवटच्या क्षणापर्यंत फ्लोरेस शर्यतीत होता.

नवा जीएम जो शेन बफेलोहून आला. डेबॉल बफेलोचा ऑफेन्स कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची फळी सांभाळणारा सहायक. चार वर्षं एकत्र काम केलेला आपला माणूस त्याने आणला. जगात सगळीकडे हेच चालतं. याला वशिला म्हणा, ओळख म्हणा. वर्णद्वेष कुठून आला? आणि डेबॉलला पहिल्याच वर्षी 'कोच ऑफ द इयर' मिळालं, हेही लिहा की राव.

हिशेबनीस

> आपला माणूस आणला

आपला माणूस नेहमी गोराच कसा निघतो, एवढं सांगा.

दावा दाखल झाला त्या दिवशी ३२ क्लबांत एकच कृष्णवर्णीय हेड कोच होता, पिट्सबर्गचा माइक टॉमलिन. खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीय निम्म्याहून जास्त. त्याच महिन्यात मायामीने मिश्रवंशीय माइक मॅकडॅनियल आणि ह्यूस्टनने लव्ही स्मिथ नेमला. दावा झाल्यावर!

जरा जमाखर्च बघा. डेट्रॉइटने कृष्णवर्णीय जिम कॉल्डवेलला चार मोसमांत ३६ विजय, २८ पराभव असताना आणि शेवटच्या वर्षी ९-७ करूनही काढलं. जागी गोरा मॅट पॅट्रिशिया. त्याचा हिशेब १३ विजय, २९ पराभव, एक बरोबरी. ॲरिझोनाने विल्क्सला एका वर्षात (३-१३) घरी पाठवून क्लिफ किंग्जबरीला आणलं, ज्याला त्याच्याच विद्यापीठाने ३५-४० अशा रेकॉर्डवर काढून टाकलं होतं. फ्लोरेसला पहिल्या वर्षी मोडकळीला आलेला संघ दिला, ५-११. मग १०-६, मग ९-८. मायामीने लागोपाठ दोन मोसम विजय जास्त राखले, असं २००३ नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. बक्षीस: दार तिकडे आहे.

खडूस काका

सोयीची उदाहरणं वेचायची झाली तर मीही वेचतो. अर्बन मेयर, गोरा, जॅक्सनव्हिलने १३ सामन्यांत हाकलला. नॅथॅनियल हॅकेट, गोरा, डेन्व्हरने पहिला मोसमही पुरा करू दिला नाही. हरलास की गेलास, हाच या धंद्याचा नियम.

फ्लोरेसला काढलं तेव्हा मायामीचा जीएम ख्रिस ग्रियर होता, तो स्वतः कृष्णवर्णीय. आणि २०२४ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ जाहीरपणे काय म्हणाला तेही ऐका. फ्लोरेस रोज पाणउतारा करायचा, तू या जागेच्या लायकीचा नाहीस असं ऐकवायचा. मालक स्टीफन रॉस यांनी काढताना आपसांतल्या संवादाचंच कारण दिलं होतं. माणूस तऱ्हेवाईक असू शकतो हो. प्रत्येक नोकरी गेल्यामागे वंश नसतो.

शेंगदाणा

रॉस म्हणजे तेच ना, ज्यांनी म्हणे २०१९ मध्ये मुद्दाम हरण्यासाठी दर पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केले होते? छान संवाद.

खडूस काका

'म्हणे' बरोबर वापरलंत. रॉसनी इन्कार केला आणि लीगच्या चौकशीतही संघ मुद्दाम हरला नाही असंच निघालं.

शेंगदाणा

त्याच चौकशीत दुसऱ्या क्लबांशी बांधलेल्या टॉम ब्रॅडी (खेळाडू) आणि शॉन पेटन (कोच) यांच्यावर नियम मोडून जाळं टाकल्याबद्दल रॉसना १५ लाख डॉलर दंड आणि निलंबन झालं, क्लबचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गेला. तेवढं विसरलात.

पॅनेलवाली

बारा गावचं पाणी प्यायलेल्या एचआरमध्ये काम केलंय, म्हणून बोलते. अमेरिकेत ज्या कंपनीत होते तिथेही अंतिम यादीत अल्पसंख्याक उमेदवार हवाच असा दंडक होता. एकदा माणूस आतून ठरला होता, ऑफर लेटरचा मसुदा तयार होता, आणि यादी 'पूर्ण' करायला एका कृष्णवर्णीय बाईंना विमानाने बोलावलं. त्यांनी पहिल्या ९० दिवसांचा आराखडा रंगीत छापून, स्पायरल बांधून पाच प्रती आणल्या होत्या. आमच्यातला एक जण टेबलाखाली फोनवर दुपारचं जेवण मागवत होता. बाई निघाल्यावर चार प्रती टेबलावर तशाच. पाचवी मी उचलली, तीही दिसायला बरं नाही म्हणून.

त्यांना नोकरी मिळायला हवी होती की नाही, मला माहीत नाही. ते तपासायची तसदी आमच्यापैकी कुणी घेतलीच नाही. मेडोलँड्सकरांचा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं, आणि सरळमार्गी त्याचं उत्तर देत नाहीयेत.

सरळमार्गी

ताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तुमच्या कंपनीत त्या बाईंचा अपमान कुणी केला? नियमाने. नियम नसता तर त्यांना बोलावलंच नसतं, वेळ आणि मानहानी दोन्ही वाचलं असतं. रूनी नियमाने कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना शर्यतीतला घोडा न ठेवता रजिस्टरमधली सही करून टाकलं. नियम काढा, फार्स संपेल.

मेडोलँड्सकर

फार्स संपेल आणि २००२ परत येईल. तेव्हा बोलावतही नव्हते. नियमामुळे निदान दार उघडून आत बसायला मिळतं. टॉमलिन असाच आला: २००७ मध्ये वय ३४, कोऑर्डिनेटर म्हणून जेमतेम एक वर्षाचा अनुभव, आणि पिट्सबर्गचे स्वतःचे दोन सहायक रांगेत पुढे होते. मुलाखतीत त्याने रूनींना जिंकलं.

खडूस काका

हा टॉमलिनचा दाखला प्रत्येक जण देतो आणि प्रत्येक वेळी अर्धाच देतो. टॉमलिनला भेटण्याआधी पिट्सबर्गने रॉन रिव्हेराची मुलाखत घेतली होती, तोही अल्पसंख्याक. नियमाची अट तिथेच भागली होती. डॅन रूनींनी टॉमलिनला स्वतःच्या उत्सुकतेने बोलावलं. म्हणजे नियमाचं सर्वांत मोठं यश नियमाबाहेरचं आहे.

मेडोलँड्सकर

हा मुद्दा वजनदार आहे. पण ज्या मालकाच्या नावाने नियम आहे त्याचा क्लब कागदी अट भागल्यावरही शोधत राहिला. बाकीचे ३१ अट भागली की थांबतात.

घाटावरचा

सरळ सांगा ना, हे आपलं आरक्षणच झालं.

पॅनेलवाली

नाही. एकही जागा राखीव नाही, फक्त बोलावणं राखीव आहे. आपल्याकडचा काही जवळचा प्रकार असेल तर राखीव जागेपुढे 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून ती रिकामी ठेवतात तो. मुलाखत तिथेही रीतसर होते. आरक्षणावर भांडायचं असेल तर दुसरा धागा काढा, इथे लोक फुटबॉलसाठी आलेत.

कोर्टाची पायरी

नैतिक बाजू आणि कोर्टातली बाजू यांची इथे खिचडी होतेय. दाव्याचा मुख्य आधार १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८१. या कलमाखाली वंश हे 'एक' कारण होतं असं दाखवून भागत नाही. २०२० मध्ये कॉमकास्ट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वंश वेगळा असता तर निकाल वेगळा लागला असता, इतकं सिद्ध करावं लागतं. सरळमार्गींचा 'वशिला' हा बचाव म्हणूनच कोर्टात ताकदवान आहे. डेबॉलची निवड मैत्रीतून झाली असं जायंट्सने दाखवलं तर वाईट दिसेल, पण बेकायदा ठरेलच असं नाही.

दुसरं, प्रत्येक क्लबवरचा आरोप वेगळा आहे. डेन्व्हरबद्दल तक्रार अशी की २०१९ च्या मुलाखतीला क्लबचा तेव्हाचा कारभारी जॉन एलवे आणि मंडळी तासभर उशिरा आली आणि आदल्या रात्रीची उतरली नव्हती असं दिसत होतं. क्लबने त्या दिवशीच्या टिपणांचा दाखला देत हे साफ नाकारलं. हे तोंडी विरुद्ध तोंडी. ह्यूस्टन क्लबला नंतर दाव्यात ओढलं, आणि त्यांनी तर कृष्णवर्णीय लव्ही स्मिथलाच नेमलं होतं. तिथे आरोप सूड घेतल्याचा आहे: दावा केला म्हणून फ्लोरेसचं नाव कापलं.

माझ्या मते सर्वांत भक्कम धागा हॉर्टनचा. २०१६ मध्ये टेनेसी टायटन्सने त्याची मुलाखत घेतली आणि माइक मुलार्कीला नेमलं. २०२० मध्ये मुलार्की एका पॉडकास्टवर स्वतःच म्हणाला की रूनी नियमाचे सोपस्कार व्हायच्या आधीच मालकांनी त्याला सांगून टाकलं होतं, हेड कोच तूच. आणि पुढचा देखावा माहीत असून आपण गप्प बसलो याची खंत आहे. क्लबने इन्कार केला. पण इथे बेलिचिकसारखं ऐकीव काही नाही. ज्याला नोकरी मिळाली तोच गोरा माणूस सांगतोय.

सरळमार्गी

हॉर्टनची केस मजबूत असेल तर त्याने एकट्याने लढावी. संपूर्ण लीगला वर्णद्वेषी ठरवायचं काय कारण? आणि हे लवादाकडे का जात नाहीत? करारात लिहून दिलंय ना?

कोर्टाची पायरी

तीच तर गंमत. लवाद कोण, तर कमिशनर रॉजर गुडेल. त्यांची नेमणूक आणि पगार क्लबमालकांच्या हातात. मार्च २०२३ मध्ये न्यायाधीश व्हॅलरी कॅप्रोनी यांनी जायंट्स, डेन्व्हर, ह्यूस्टन आणि लीगवरचे दावे कोर्टात चालतील असं सांगितलं. मायामीविरुद्धचा दावा, तसेच विल्क्स आणि हॉर्टनचे दावे मात्र लवादाकडे धाडले. लीग अपिलात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सेकंड सर्किट अपील कोर्टाने निकाल कायम ठेवला, आणि प्रतिपक्षाचा मुख्य अधिकारीच न्याय करणार असेल तर ही लवादी नावापुरतीच, असं सुनावलं.

शेंगदाणा

साडेतीन वर्षं फक्त कुठे भांडायचं यावर भांडण!

हिशेबनीस

तोवर फ्लोरेसचं काय झालं तेही नोंदवा. पाण्यात राहून माशाशी वैर. तीन आठवड्यांत टॉमलिनने त्याला सहायक म्हणून घेतलं, २०२३ पासून मिनेसोटात डिफेन्स सांभाळतोय आणि ती फळी लीगमधल्या उत्तम फळ्यांत गणली जाते. २०२५ चा मोसम संपेपर्यंत तरी हेड कोच म्हणून कुणी घेतलेलं नाही.

सरळमार्गी

मालकाला कोर्टात खेचणाऱ्याला दुसरा मालक घ्यायला कचरतो. यात वंश शोधू नका.

हिशेबनीस

बरं. मग पेट्रियट्स घ्या, जानेवारी २०२५. सगळ्या न्यू इंग्लंडला ठाऊक होतं की त्यांना माइक व्रेबल हवाय, तो गोरा. आधी पेप हॅमिल्टन आणि बायरन लेफ्टविच यांना बोलावलं, दोघे कृष्णवर्णीय. २०२४ च्या मोसमात दोघांपैकी एकही कुठल्याच क्लबात कोच नव्हता. त्यांच्यानंतर व्रेबल आला आणि लगेच करार.

खडूस काका

आणि त्याआधी त्याच पेट्रियट्सनी एकाही दुसऱ्या उमेदवाराला न विचारता जेरॉड मेयोला हेड कोच केलं होतं, करारात आधीच लिहून. मेयो कृष्णवर्णीय. तेव्हा बाकीच्यांवर अन्याय झाला म्हणून कुणी धागा काढला नाही.

हिशेबनीस

मेयोला एक वर्ष दिलं, ४-१३ वर काढलं. ते सोडा. कागद भरण्याशिवाय दुसरं एखादं कारण असेल तर सांगा, हॅमिल्टनला फोन कशाला केला?

सरळमार्गी

नियम आहे म्हणून. पहिल्यापासून हेच म्हणतोय.

मेडोलँड्सकर

आणि त्याला खोटं सांगा, असं नियमात कुठे लिहिलंय?