१९७१ चे माप आफ्रिनला लावता येईल काय?

प्रश्न : धरमपेठकर

नमस्कार मंडळी. धरमपेठेतील आमच्या अभ्यासमंडळात गेल्या रविवारी तुर्कस्तानने उत्तर सीरियात केलेल्या लष्करी कारवायांवर चर्चा ठेवली होती आणि अपेक्षेप्रमाणे ती थोड्याच वेळात १९७१ च्या बांगलादेश युद्धावर येऊन ठेपली.

मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे होते की, पीकेके या कुर्द बंडखोर संघटनेचा सशस्त्र उठाव तुर्कस्तान १९८४ पासून सोसत आला होता, त्यात सुमारे ४० हजार माणसे मेली, सीमेपलीकडे त्याच संघटनेशी नाते असलेली वायपीजी ही सीरियातील कुर्दांची सशस्त्र संघटना राज्य करू लागली, दमास्कसच्या सरकारची तेथे सत्ता उरली नव्हती आणि शिवाय ३५ लाखांहून अधिक सीरियन निर्वासितांचा भार तुर्कस्ताननेच उचलला होता. अशा स्थितीत २० जानेवारी २०१८ रोजी त्याचे सैन्य वायव्य सीरियातील आफ्रिनमध्ये शिरले तर त्यात वावगे काय? निर्वासितांचे लोंढे आणि सीमेवरील अशांतता हीच कारणे आपणही दिली होती, मग आपल्याला न्याय आणि त्यांना अन्याय ही दुटप्पी भूमिका झाली. दुसऱ्या एका तरुण सदस्याने ही तुलनाच बांगलादेशातील मृतांचा अपमान आहे असे म्हटले, आवाज चढले आणि चर्चा तेथेच संपली.

मला दोघांचेही पूर्ण पटले नाही. भावना बाजूला ठेवून, शेजाऱ्याच्या हद्दीत सैन्य नेणे कधी समर्थनीय ठरते हे ठरवण्यासाठी जाणकारांनी काही निकष सुचवावेत, ही विनंती.

उत्तर १ : सिव्हिल लाइन्सचे वकील

कायद्यापासून सुरुवात केलेली बरी, कारण तो आपल्या दोन्ही सदस्यांना थोडा गैरसोयीचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २ (४) अन्य राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई करते. सुरक्षा परिषदेची परवानगी आणि कलम ५१ खालील स्वसंरक्षण हे त्याला दोन अपवाद आहेत, आणि स्वसंरक्षणाचा हक्क ‘सशस्त्र हल्ला’ झाल्यावर मिळतो. हल्ला होण्याची वाट पाहायची की नाही, या वादात १८३७ च्या ‘कॅरोलाइन’ प्रकरणाचा दाखला आजही दिला जातो. कॅनडातील बंडखोरांना रसद पुरवणारे हे जहाज ब्रिटिशांनी नायगारा नदी ओलांडून अमेरिकेच्या काठावर जाऊन पेटवले. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेब्स्टर यांनी घातलेली कसोटी अशी की, गरज तत्काळ आणि अटळ असावी, दुसरा मार्ग उरलेला नसावा आणि विचार करण्यापुरतीही उसंत नसावी.

तुर्कस्तानने आफ्रिनबाबत सुरक्षा परिषदेला कळवताना कलम ५१ चाच आधार घेतला. मात्र कारवाईचा क्रम पाहा. जानेवारी २०१८ च्या मध्यास अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीने सीरियात ३० हजारांचे सीमा सुरक्षा दल उभारण्याची योजना जाहीर केली, त्या दलात वायपीजीचा भरणा असणार हे उघड होते, आणि त्यानंतर काही दिवसांतच आफ्रिनवर विमाने गेली. उद्या शेजारी बलवान होईल म्हणून आज त्याच्यावर चालून जाणे याला राजकारणात दूरदृष्टी म्हणत असतील, पण वेब्स्टर यांच्या कसोटीला ते उतरत नाही. काँगो विरुद्ध युगांडा या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये युगांडाचा हस्तक्षेप बेकायदेशीर ठरवला, तेव्हा युगांडाची तक्रारही हीच होती की शेजाऱ्याच्या हद्दीतून बंडखोर गट आपल्यावर हल्ले करतात. त्या युद्धाची भरपाई म्हणून २०२२ मध्ये युगांडावर ३२.५ कोटी डॉलर बसले.

आता आपल्या बाजूची गैरसोय. पाकिस्तानने ३ डिसेंबर १९७१ रोजी आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यावर स्वसंरक्षणाचा मुद्दा बळकट झाला हे खरे, परंतु आपले सैन्य गरीबपूरच्या लढाईत २०-२१ नोव्हेंबरलाच पूर्व पाकिस्तानच्या हद्दीत लढले होते आणि मुक्तिवाहिनी या बांगलादेशी बंडखोरांच्या दलाचे प्रशिक्षण त्याच्या कित्येक महिने आधीपासून आपल्या भूमीवर सुरू होते. दुसऱ्या देशातील बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण देणे हा अहस्तक्षेपाच्या तत्त्वाचा भंग होय, असे न्यायालयाने पुढे १९८६ मध्ये निकाराग्वा खटल्यात अमेरिकेला सुनावले. निकाल नंतरचा असला तरी तत्त्व १९७१ मध्येही नवे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७ डिसेंबर १९७१ रोजी युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला, तेव्हा आपल्या बाजूने कोण उरले होते हेही मोजून पाहावे.

उत्तर २ : माजी सैनिक, कामठी

वकीलसाहेबांशी कायद्यावर वाद घालण्याची माझी पात्रता नाही. परंतु परवानगी असली म्हणजे हस्तक्षेप न्याय्य आणि नसली म्हणजे अन्याय्य, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही असे मला वाटते, कारण मी श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेबरोबर होतो.

आम्ही तेथे बोलावल्यावरून गेलो होतो. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या, त्यामुळे कागदोपत्री सर्व काही चोख होते. त्याच्या दोन महिने आधी, ४ जूनला, आपल्या विमानांनी श्रीलंकेची संमती नसताना जाफन्यावर धान्य आणि औषधे टाकली होती. ती कृती कायद्याने जास्त दोषी, पण तिने कोणाचा जीव घेतला नाही. कराराने गेलेली सेना मात्र ऑक्टोबरात ज्यांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्याच गल्लीबोळांतून एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागली. शेतात काम करणारा माणूस शेतकरी आहे की सुरुंग पेरणारा, हे ओळखण्याचे कोणतेही साधन आमच्याजवळ नव्हते, भाषा तर नव्हतीच, आणि या परिस्थितीत सामान्य तमिळ माणसाच्या वाट्याला जे आले त्याची जबाबदारी आमच्यावरही येते. १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी माघारीची मागणी केली आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर आपले सुमारे १२०० जवान गेले होते.

म्हणून माझा निकष साधा आहे. काम कोणते, ते संपले हे कशावरून कळणार आणि परतण्याचा हुकूम कोण देणार, ही तीन उत्तरे सीमा ओलांडण्यापूर्वी लेखी तयार नसतील तर जाऊ नये. १९७१ मध्ये ती बऱ्याच अंशी तयार होती. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि आपल्या सैन्याने निरोपाचे संचलन मार्च १९७२ मध्ये केले.

उत्तर ३ : इतवारी

वरील दोन्ही उत्तरांत कंबोडिया नाही, याचे आश्चर्य वाटले. व्हिएतनामने डिसेंबर १९७८ च्या अखेरीस आक्रमण केले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह घेतले, म्हणून पोल पॉटची राजवट संपली. त्या राजवटीत पंधरा लाखांहून अधिक माणसे मेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. यावर जगाने काय केले? संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा पुढील कित्येक वर्षे पोल पॉटच्याच ख्मेर रूज या संघटनेकडे ठेवली. भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली तर आपल्यालाच नावे ठेवली गेली. कलम २ (४) चे पावित्र्य राखण्यासाठी आणखी किती माणसे मरू द्यायची होती, हे कायदेपंडितांनी सांगावे.

धरमपेठकर : इतवारीभाऊ, मुद्दा बिनतोड आहे, पण व्हिएतनामचे सैन्य तेथे सप्टेंबर १९८९ पर्यंत राहिले. कामठीच्या सरांचा निकष लावला तर व्हिएतनाम नापास होतो आणि आपला लावला तर उत्तीर्ण. मग परिणाम पाहायचा की परतण्याची तारीख?

उत्तर ४ : इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक

तुर्कस्तानचीच गोष्ट निघाली आहे तर १९७१ पेक्षा १९७४ चे सायप्रस अधिक बोलके उदाहरण आहे, कारण तेथे एकाच हस्तक्षेपाचे दोन भाग वेगळे दिसतात. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसमधील लष्करशाहीच्या पाठिंब्याने निकोसियात बंड झाले, अध्यक्ष मकारिओस यांना पळावे लागले आणि तुर्की सायप्रियट समाजाला भीती वाटण्यास सबळ कारण होते. १९६० च्या हमी कराराने तुर्कस्तान हा सायप्रसच्या स्वातंत्र्याचा एक हमीदार देश होता. २० जुलैला त्याचे सैन्य उतरले, आणि येथवर त्याची बाजू मांडता येते. पण तीनच दिवसांत बंडखोरांनी बसवलेला अध्यक्ष पायउतार झाला, अथेन्समधील लष्करशाहीही कोसळली, म्हणजे ज्या कारणासाठी सैन्य आले ते कारणच नाहीसे झाले. त्यानंतर, जिनिव्हातील वाटाघाटी फिसकटताच, १४ ऑगस्टला दुसरी चढाई झाली आणि बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ताब्यात गेला. ते सैन्य आजही तेथे आहे. १९८३ मध्ये घोषित झालेल्या उत्तर सायप्रसला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही.

माझ्या मते खरा फरक निर्वासितांच्या परतीत दिसतो. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली वसाहती आहेत हे विदर्भातील वाचकांना सांगायला नको. ती माणसे पूर्व बंगालातून आली आणि इकडचीच झाली, कारण त्यांना परत बोलावणारे तिकडे कोणी नव्हते. याउलट १९७१ साली आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांपैकी बहुसंख्य लोक युद्ध संपल्यावर काही महिन्यांत माघारी गेले. आफ्रिनमध्ये उलटे घडले. मार्च २०१८ मध्ये शहर पडले तेव्हा लाखाहून अधिक लोक, प्रामुख्याने कुर्द, बाहेर फेकले गेले आणि त्यांच्या घरांत व ऑलिव्हच्या बागांत दुसरीकडून आणलेली कुटुंबे वसली. पुढे तुर्कस्तानची टपाल कार्यालये आली, गाझिआंतेप विद्यापीठाची शाखा आली, २०२० मध्ये तुर्की लिराही आला. सीमेवरील धोका निवारण्यासाठी गेलेल्या सैन्याच्या मागोमाग विद्यापीठ कशाला यावे, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

सिव्हिल लाइन्सचे वकील : प्राध्यापकमहाशय, आपले म्हणणे मान्य, पण परत कोण गेले आणि कोण राहिले हे नंतर कळते. निर्णय घ्यायचा असतो तो सैन्य हद्दीबाहेर पडण्याच्या दिवशी. त्या दिवशी पाहता येण्याजोगी एक गोष्ट अशी की, ज्यांच्यासाठी जात आहोत असे सांगितले जाते त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेले कोणी आहे का, आणि आत शिरणारे राष्ट्र सत्ता त्यांच्या हाती देणार आहे का. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या होत्या, आणि भारताने बांगलादेशाच्या सरकारला ६ डिसेंबरलाच, म्हणजे ढाका पडण्याच्या दहा दिवस आधी, मान्यता दिली. गरीबपूरबाबतची माझी अडचण त्यामुळे दूर होत नाही. परंतु आपण जिंकलेला प्रदेश कोणाच्या हवाली करणार हे जगाला युद्ध चालू असतानाच ठाऊक होते. आफ्रिनमध्ये असे कोणीही नव्हते. तेथील स्थानिक परिषद तुर्कस्तानच्या आश्रयाने नंतर उभी राहिली.

धरमपेठकर, पुढील रविवारी चर्चा घेणार असाल तर तुर्कस्तानच्या सर्व कारवाया एकाच पारड्यात घालू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये जराब्लुसवर झालेली पहिली कारवाई इसिसविरुद्ध होती. ते गाव अगदी सीमेला लागून इसिसच्या ताब्यात होते, तुर्कस्तानातील किलिस शहरावर रॉकेटे पडून नागरिक मरत होते आणि कारवाईच्या चार दिवस आधी गाझिआंतेपमधील लग्नसमारंभात झालेल्या स्फोटात पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. त्या कारवाईची बाजू मी न्यायालयात मांडायला तयार आहे. आफ्रिनची मांडणार नाही, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सैनिक सीमेवरून बाजूला होताच सुरू झालेल्या तिसऱ्या मोहिमेची तर मुळीच नाही.