मदत हवी आहे: '१ टक्का' लिहिलेले ३०० क्रेट उघडले, खास स्किन नाही. गेम फसवतंय का?

रातकिडा
एका शूटिंग गेममधल्या क्रेटबद्दल, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या विकतच्या पेट्यांबद्दल, जाणकारांची मदत हवी आहे. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हाती ठोस काही नसताना आरोप नको. बॅनरवर (ठरावीक दिवस चालणाऱ्या क्रेटच्या पानावर) तीन गोष्टी आहेत: सोनेरी वस्तूची शक्यता १.०० टक्का, १२० क्रेटमध्ये एक सोनेरी हमखास, आणि सोनेरीमधला निम्मा वाटा खास स्किनचा, म्हणजे नुसतं रूप बदलणाऱ्या वस्तूचा. एक क्रेट ६० जेम्सला (गेममधलं चलन), ५०० जेम्सचा पॅक ४४९ रुपयांना.

३०० क्रेट झाले. सोनेरी आल्या दोन, १२०व्या आणि २४०व्या क्रेटला, आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी निघालं. शंभरात एक म्हणजे तीनशेत तीन यायला हव्या होत्या ना? कुणी सांगतं रात्री १२ नंतर उघड, कुणी सांगतं दहा-दहा उघड. यात काही तथ्य आहे का? आणि तक्रार करायची तर कुठे?

पाटीपेन्सिल
आधी 'शंभरात एक' हे डोक्यातून काढा. एका क्रेटमधून काही न येण्याची शक्यता ०.९९. कॅल्क्युलेटरवर ०.९९चा १००वा घात काढा, उत्तर येतं ०.३६६. म्हणजे हमी नसेल तर शंभर क्रेट उघडणाऱ्यांपैकी जवळजवळ ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने परततात, आणि त्यात कसलीही फसवणूक नसते. ९० टक्के खात्री हवी असेल तर २३० क्रेट लागतात. तीनऐवजी दोन आल्या, यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही वेळा खास स्किन हुकली हेही तसंच: निम्म्याची निम्मी, चारातल्या एकाच्या बाबतीत असं होणारच.

पण तुम्ही क्रेटचा क्रमांक लिहून ठेवलात ते फार बरं केलंत, कारण खरी गोम तिथे आहे. दोन्ही सोनेरी नेमक्या हमीवरच आल्या. त्याआधीचे ११९, पुन्हा ११९ आणि शेवटचे ६०, असे २९८ क्रेट कोरडे गेले. प्रत्येक क्रेटला खरोखर १ टक्का असेल तर असं व्हायची शक्यता ५ टक्के. अशक्य नाही, पण भुवया उंचावतील इतपत कमी.

आता बॅनरवरचं वाक्य पुन्हा वाचा. १.०० टक्का हा हमी धरून आहे की हमी सोडून? म्हणजे १२०व्या क्रेटला हमखास येणारी सोनेरी त्यात मोजली आहे की नाही?

हमी सोडून असेल तर सरासरी ७० क्रेटला एक सोनेरी पडते. हमी धरून असेल तर सरासरी १०० क्रेटला एक, आणि तो आकडा जुळण्यासाठी साध्या क्रेटची शक्यता साधारण ०.३२ टक्के एवढीच उरते. छापलेला आकडा तोच, पण साध्या क्रेटची शक्यता जेमतेम एक तृतीयांश! ०.३२ टक्के धरलं तर तुमच्यासारखी नोंद निघायची शक्यता ३८ टक्क्यांवर जाते. ५ विरुद्ध ३८, म्हणून माझा कौल 'हमी धरून' या बाजूला आहे. तरी दोनच सोनेरींवर शिक्कामोर्तब करू नका.

गंजिफा
पाटीपेन्सिल यांच्या मुद्द्याला एक उघड उदाहरण देतो. गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या पात्रांच्या बॅनरवर दोन्ही आकडे छापलेले असतात: पंचतारांकितची (तिथली सर्वांत दुर्मीळ वस्तू) मूळ शक्यता ०.६ टक्के, हमी धरून १.६ टक्के, हमी ९०व्या ओढीला (ओढ म्हणजे एक डाव). आता नुसतं ०.६ आणि ९०ची हमी घेऊन गणित मांडलं तर उत्तर १.४३ टक्के येतं, १.६ नाही. म्हणजे ९०च्या आधीच कुठेतरी शक्यता वाढत असणार. खेळाडूंनी लाखो ओढींच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ती ७४व्या ओढीपासून चढते असं दिसलं. यालाच सगळे सॉफ्ट पिटी म्हणतात. बॅनरवर ती लिहिलेली नसते, पण छापलेल्या आकड्यांतूनच तिचा माग लागतो. दोन्ही आकडे छापले की खेळाडूला निदान गणित करता येतं. तुमच्या गेमने एकच आकडा छापलाय, माझा आक्षेप त्याला आहे.

आणखी एक फरक. तिथे पहिल्यांदा दुसरं पात्र आलं तर पुढचं पंचतारांकित बॅनरवरचंच येतं, म्हणून वाईटात वाईट १८० ओढींत काम होतं. तुमच्या बॅनरवर 'निम्मा वाटा' एवढंच असेल आणि हुकलेला डाव पुढे धरला जात नसेल, तर खास स्किनसाठी कमाल मर्यादाच नाही.

रातकिडा
दोघांचे आभार. मग नोंद पुढे कशी ठेवू? ग्रुपमधले आठ-दहा जण तोच बॅनर उघडतात. त्याच गेममध्ये '६ तुकडे जमवा, गाडी मिळवा' असंही सुरू आहे, ते कसं?

पाटीपेन्सिल
साधी शीट पुरे. रकाने चार: तारीख-वेळ, बॅनरचं नाव, मागच्या सोनेरीनंतरचा कितवा क्रेट, काय मिळालं. त्याच दिवशी शक्यतांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, अगदी खालपर्यंत सरकवून. बॅनर संपला की ते पान हाती लागेलच असं नाही. दहा क्रेट एकदम उघडले तर त्यातला कितवा, हेही लिहा.

सगळ्यात मोठी चूक होते ती माणसं निवडताना. 'ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी आकडे द्या' असं विचारलंत की नोंद तिथेच बाद. उघडायच्या आधी नावं ठरवा आणि त्या सगळ्यांचे सगळे क्रेट मोजा, नशीबवानांचे धरून.

सगळ्यांच्या मिळून २० सोनेरी जमल्या की बघा, त्यातल्या किती बरोबर १२०व्या क्रेटला आल्या. क्रेटला १ टक्का खरा असेल तर सहाच्या आसपास दिसतील, ०.३२ असेल तर तेरा-चौदा. यासाठी एकूण दीड ते दोन हजार क्रेट लागतील, पण दहा जणांत वाटले तर जे तसेही उघडले जाणार आहेत त्यातच भागेल. केवळ तपासणीसाठी एक रुपयाही घालू नका. आणि सोनेरी १०० ते ११९च्या मध्ये दाटलेल्या दिसल्या तर ते तिसरंच प्रकरण, गंजिफा म्हणतात ती सॉफ्ट पिटी.

रात्री १२ ला काही बदलत नाही. दहा-दहाने शक्यताही वाढत नाही, उलट तिसऱ्याच क्रेटला हवं ते मिळालं तर उरलेल्या सातांचे जेम्स गेलेले असतात. दहावर सूट नसेल तर एकेक उघडा.

तुकड्यांचं: सहाही तुकडे सारख्या शक्यतेने येत असतील तर सरासरी १४.७ डाव लागतात, त्यातले ६ एकट्या शेवटच्या तुकड्यासाठी. पाच जमले की 'आता एकच राहिला' वाटतं, पण खर्चाचा मोठा वाटा तिथेच बसतो. एखादा तुकडा मुद्दाम दुर्मीळ ठेवला असेल तर विचारायलाच नको. जपानने नेमका हाच प्रकार, कोंपु गाचा, २०१२ मध्ये बंद केला.

गंजिफा
तक्रारीचं सांगतो. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गूगल प्लेने २०१९ पासून खरेदीआधी शक्यता दाखवणं ॲपना बंधनकारक केलंय. त्यामुळे पहिला प्रश्न गेमच्या सपोर्टला, लेखी, एकाच वाक्यात: '१.०० टक्का हा १२० क्रेटची हमी धरून आहे की सोडून?' बाकी राग, हिशेब, धमकी काही लिहू नका. उत्तर टाळलं तर तेच उत्तर जपून ठेवा.

परतावा मागायचा असेल तर गूगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत मागा, त्यानंतर ते गेम कंपनीकडे बोट दाखवतात. पावतीच्या मेलमधला 'जीपीए'ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक हाताशी असू द्या. जेम्स वापरले असतील तर परतावा अवघड. बँकेकडून परस्पर पैसे उलटे फिरवलेत तर गेमचं खातं बंद होऊ शकतं.

आकडा खोटा असल्याचा पुरावा जमला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे, तक्रार त्याच शब्दांत मांडा. 'माझं नशीब वाईट' आणि 'छापलेलं खोटं' या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, दुसरीलाच वजन येतं. दक्षिण कोरियात जानेवारी २०२४ मध्ये मेपलस्टोरी या गेममधल्या क्यूबवरून (वस्तूचे गुण नशिबावर बदलणारी विकतची चीज) नेक्सॉन या गेम कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉन दंड झाला तो यावरच: शक्यता गुपचूप घटवल्या होत्या, गुणांच्या काही जोड्या तर येणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी २२ मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं.

रातकिडा
शक्यतांचं पान खालपर्यंत सरकवलं. 'तपशील' दाबल्यावर शेवटून दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात आहे: 'वरील शक्यतेत हमखास मिळणाऱ्या वस्तूंचा समावेश आहे.' हुकलेला डाव पुढे धरण्याबद्दल एक शब्द नाही. हमीसाठी क्रेट मोजणारा काउंटर ६० वर आहे, बॅनर संपायला चार दिवस.

पाटीपेन्सिल
म्हणजे साध्या क्रेटला साधारण ०.३२ टक्केच. आता रुपयांत बघा. ५०० जेम्सच्या पॅकने क्रेट पडतो ५३ रुपये ८८ पैशांना. हमीपर्यंत ६० क्रेट, म्हणजे जास्तीत जास्त ३,२३३ रुपये, आणि तेवढं घालूनही खास स्किनची शक्यता निम्मीच. शून्यापासून धरलं तर ती स्किन सरासरी २०० क्रेटची, पावणेअकरा हजारांची. काउंटर पुढच्या बॅनरला जातो का, ते त्याच पानावर शोधा. जात असेल तर हे ६० क्रेट वाया गेलेले नाहीत, आता थांबता येईल. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याचा पर्याय आज चालू करा, चार दिवस तो उपयोगी पडेल. आणि त्या ओळीचा स्क्रीनशॉट इथे टाका, ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही दिसू दे.