मदत हवी आहे: वानराचं पिल्लू खेळण्यातलं दिसून राहिलं. क्रॉप चुकलं की प्रोसेसिंग?

बर्डीचा_बारक्या

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावतो, कारण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद "कॅमेरा कोणता", "रॉ आहे का" यातच जातात.

मे महिन्यात पेंचला गेलो होतो. सिल्लारी गेट, सकाळची फेरी. वाघ दिसला नाही, विचारायच्या आधीच सांगून टाकतो. पावणेआठच्या सुमारास रस्त्याच्या कडेला वानरांची टोळी खाली उतरली होती. एक मादी आडव्या पडलेल्या खोडावर बसलेली आणि तिच्या पोटाशी पिल्लू. अगदी नवं. अंग काळपट, तोंड आणि कान गुलाबी, म्हणजे आईच्या बरोबर उलट. तिचं अंग रुपेरी आणि तोंड काळं. गाइडनं जिप्सी बंद करायला लावली. पिल्लानं आईच्या काखेतून डोकं काढलं, आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि परत आत. तेवढ्यात अकरा फ्रेम मिळाल्या, त्यातली एक धारदार आहे.

निकॉन डी७५००, २००-५०० लेन्स पूर्ण ५०० वर, एफ ५.६, शटर १/६४०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, मॅट्रिक्स मीटरिंग (सगळ्या फ्रेमचा उजेड मोजणारं), रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). अंतर अंदाजे २५ मीटर. ऊन वानरांच्या मागून, डाव्या बाजूनं.

मग घरी बसून मी जे केलं ते असं: पिल्लावर घट्ट क्रॉप (२४०० बाय १६०० पिक्सेल उरले), शॅडोज (गडद भागांचा उजेड) +८०, क्लॅरिटी (कडांचा उठाव) +४०, दोन्ही डोळ्यांवर ब्रश मारून एक्स्पोजर (उजेड) +१.२, डीनॉइज (रवाळपणा काढणं) पूर्ण, मागची पार्श्वभूमी आणखी धूसर, कडांना काळोख. आता ते पिल्लू दुकानातल्या टेडीसारखं दिसून राहिलं. सातवीतली पोरगी बघून म्हणाली, "बाबा, हे खरं आहे की बॅटरीवालं?"

आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आहे, तिला बारा बाय अठराची प्रिंट फ्रेम करून द्यायची आहे. तर प्रश्न:

क्रॉप किती करावं? काळे केस उजळले की राखाडी चिखल होतो, त्याचं काय करू? मोठ्या वानराच्या खांद्यावरचं ऊन पांढरंफटक गेलं आहे, ते परत येईल का? आणि पिल्लाच्या कानावर एक सुकी काडी आडवी आली आहे, ती पुसू का? मूळ फ्रेम आणि माझा उद्योग, दोन्ही खाली जोडले आहेत.

तर्रीबाज

मस्त आहे बे! काहून डोकं खपवून राहिला? टाक बिनधास्त.

निवांत_पुणे

डोकं खपवायला हवंच आहे, कारण छपाईचं गणित जमत नाही. २४०० पिक्सेल अठरा इंचांवर पसरले की इंचाला १३३ उरतात. भिंतीवर लांबून बघितलं तर चालून जाईल, पण केसाळ प्राणी असला की माणूस हमखास जवळ जाऊन बघतो. तुमच्या मूळ फ्रेममध्ये ५५६८ बाय ३७१२ आहेत. मूळ फ्रेममधून उभा दोनास तीनचा तुकडा घेतला तर २४७५ बाय ३७१२ मिळतात, म्हणजे इंचाला २०६. ते पुरेसं आहे. आणि उभ्या तुकड्यात आई सबंध मावते.

माई_धरमपेठ

निवांत यांनी गणितानं सांगितलं, मी साधं विचारते. फोटो आईला द्यायचाय ना रे? मग त्यातली आईच कापून टाकलीस?

मूळ फ्रेम मोठी करून बघ. पिल्लाच्या डाव्या मुठीत आईच्या पोटावरचे केस आहेत. बोटं काळी, बारीक, काडेपेटीतल्या काड्यांएवढी, आणि मूठ इतकी गच्च की आईची कातडी तिथं ओढली गेली आहे. तुझ्या क्रॉपमध्ये ती मूठ मनगटावर कापली गेली. पिल्लू किती लहान आहे हे त्याच्या डोळ्यांवरून कळत नाही, ते त्या मुठीवरून आणि आईच्या हातावरून कळतं. तिचा पंजा त्याच्या अख्ख्या पाठीवर मावला आहे. तो काढून टाकलास की उरलं काय? काळा केसाळ गोळा आणि दोन चमकणारे डोळे. पोरगी बरोबर बोलली.

बर्डीचा_बारक्या

माई, मुठीकडे माझं लक्षच नव्हतं, खरंच. पण आई घेतली की तिचं तोंड काळं, त्यात डोळे दिसत नाहीत, आणि ती बघतेय भलतीकडे. नजर तिच्या तोंडाकडेच जाते आणि पिल्लू कोपऱ्यात पडल्यासारखं वाटतं.

कुसुमपान

आई भलतीकडे बघते हीच तर त्या फोटोतली गोष्ट आहे. ती राखण करतेय. दोघंही कॅमेऱ्यात बघत असती तर शाळेतल्या गॅदरिंगचा फोटो झाला असता. ती ज्या बाजूला बघते तिकडे थोडी मोकळी जागा सोड, पिल्लाचा चेहरा खालच्या तिसऱ्या भागात येऊ दे. आईचं डोकं पूर्ण घे, नाहीतर सरळ खांद्याच्या खाली काप. तू हनुवटीवर कापलं होतंस, ते सर्वांत वाईट. पाहणाऱ्याला वाटतं की फोटो चुकून कापला गेला. शेपटी खाली कापली जातेय, ती जाऊ दे. ती खोडाच्या मागेच आहे.

आता प्रोसेसिंग. आधी केलेलं सगळं रीसेट कर. खरोखर सगळं. त्यावर मलमपट्टी करत बसू नकोस.

पहिलं काम व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा उबदार-थंडपणा. आईचं अंग तुझ्या फोटोत पिवळट आलं आहे. मे महिन्यात सागाला पान नसतं, सगळी पानं खाली वाळून पडलेली. त्यावर ऊन पडून खालून तांबूस उजेड उठतो तो तिच्या पोटावर, हनुवटीखाली आलाय. सगळी फ्रेम थंड करू नकोस, सकाळचं ऊन मरून जाईल. फक्त आईच्या पोटाचा मास्क घे (म्हणजे तेवढाच भाग निवड) आणि तिथला पिवळा थोडा कमी कर.

दुसरं, पिल्लाचा काळेपणा. अरे, ते काळंच आहे! काही महिन्यांत रुपेरी होईल, तेव्हा उजळ दिसेलच. आज ते काळपट तपकिरी आहे, हीच त्याच्या वयाची खूण. शॅडोज +८० करून तू त्याचं वय पुसून टाकलंस, वर सावलीतला रंगीत नॉइज उकरून काढलास, आणि मग तो लपवायला डीनॉइज पूर्ण लावलंस. आयएसओ ८०० ला त्या कॅमेऱ्यात एवढं लागतच नाही. शॅडोज +२०, +२५ पर्यंत ठेव. काळ्यात काळं वेगळं दिसायला हवं असेल तर कर्व्हचा (उजेडाच्या आलेखाचा) खालचा भाग किंचित उचल, पण अगदी टोकाचा काळा बिंदू जागेवर राहू दे. काळा बिंदू उचलला की तुझा तो राखाडी चिखल होतो.

तिसरं, क्लॅरिटी. नवजात पिल्लाचे केस विरळ आणि मऊ असतात, अंगापासून सुटे उभे राहतात, उन्हात त्यांची कड धुरासारखी दिसते. क्लॅरिटी वाढवली की त्या धुराची तार होते. टेडी तिथून आला. पिल्लावर क्लॅरिटी शून्य, वाटलं तर उणे पाच. टेक्श्चर थोडं आईच्या हातावर आणि खोडाच्या सालीवर दे. म्हणजे खरखरीत आणि मऊ असा फरक आपोआप दिसतो, पिल्लाला हात लावायचीही गरज नाही. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून ओढ. पांढरं दिसेल तेवढ्यावरच धार चढते. डोळे, नाकपुड्या, बोटं पांढरी राहतील आणि पार्श्वभूमी पूर्ण काळी होईल तिथं थांब.

डोळे: एक्स्पोजर +१.२ म्हणजे बल्ब लावल्यासारखं. उजव्या डोळ्यात आभाळाचा ठिपका आधीच आहे. त्या एकाच डोळ्याला +०.२ दे. डावा सावलीत आहे, तो सावलीतच राहू दे. दोन्ही सारखे चमकले की मेंदूला लगेच कळतं काहीतरी खोटं आहे.

खांद्यावरचं ऊन: रॉमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढून बघ. केसांच्या रेषा दिसायला लागल्या तर वाचलं. रेषा न येता नुसतं राखाडी झालं तर ते गेलं, पांढरंच ठेव. मागून ऊन आहे, थोडं पांढरं कोणाला खटकत नाही.

फोटोवेडा_९

एवढी मेहनत कशाला? नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांचं ट्रान्झिट सेंटर आहे, तिथं अनाथ पिल्लं आणतात. ओळख काढून आत जा, जवळून काढ.

माई_धरमपेठ

ते उपचार केंद्र आहे बाळा, स्टुडिओ नव्हे. आजारी, आईपासून तुटलेलं पिल्लू आणि आपण लेन्स लावून उभे! आणि असा फोटो "जंगलात काढला" म्हणून कुठे पाठवला तर ती सरळ फसवणूक.

ओलं_रान

प्रोसेसिंगवर कुसुमपान यांनी सगळं सांगितलं, मी पुढच्या वेळेसाठी लिहितो. मी दर हंगामात पाच-सहा फेऱ्या करतो, बहुतेक उमरेड-करांडला अभयारण्य आणि पेंच.

काळं पिल्लू रुपेरी कुशीत असलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर कोणाचं ऐकेल सांगता येत नाही. डी७५०० मध्ये हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे, उजळ भाग जपणारं, ताऱ्याचं चिन्ह असलेलं. मागून ऊन असताना ते लाव. आईचा खांदा वाचतो, पिल्लू जरा गडद येतं, पण रॉमधून तेवढं उचलता येतं. उलटं जमत नाही.

पिल्लू स्वस्थ बसत नाही, १/६४० कमीच. १/१००० धर, आयएसओ चढला तर चढू दे. जिप्सीच्या दांडीवर बीन बॅग ठेव, आमचा एक दोस्त जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून नेतो. वानर जमिनीवर असेल तर सीटवर उभं राहू नको, उलट जेवढं खाली बसता येईल तेवढं बस. वरून काढलं की पिल्लू बिचारं दिसतं, डोळ्याच्या पातळीवरून काढलं की ते त्याच्या घरी बसल्यासारखं दिसतं. दहानंतर मे महिन्यात कॅमेरा ठेवून दे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, ते धूसरपण कोणतंही सॉफ्टवेअर काढत नाही.

आणि टोळीवर नजर ठेव. वानरांमध्ये दुसऱ्या माद्या पिल्लू मागून घेतात, कधी ओढूनच नेतात. पिल्लू एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जातं तो क्षण जांभईपेक्षा भारी. सरावासाठी रामटेकला गडावर जा, तिथं वानरं हवी तेवढी. फक्त प्रसादाची पिशवी बॅगेत ठेव, नाहीतर फोटो तू काढशील आणि पेढे ती खातील. त्यांना खाऊ घालून जवळ बोलवायचं तर अजिबात नाही.

एक राहिलंच. "भाऊ, गाडी थोडी पुढं घे" हे वाक्य पिल्लू असताना तोंडातून काढायचं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली होती. गाइड-चालकांवर कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमधल्या प्रत्येकाला फक्त एक चांगला फोटोच हवा होता.

बर्डीचा_बारक्या

आमची जिप्सी जागची हलली नव्हती, गाइड कडक होता. काडीचं कोणीच बोललं नाही?

निवांत_पुणे

मी पुसली असती. घरच्या भिंतीवर लावायचं आहे, नजर अडते.

कुसुमपान

घरच्यासाठी तुझी मर्जी. स्पर्धेला पाठवायचं डोक्यात असेल तर मूळ प्रतीत हात लावू नको. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत काही काढणं-घालणं चालतच नाही, आणि रॉ मागतात. मी तर काडी ठेवली असती. तिचा उजेड फक्त कमी कर, डोळ्याला टोचणार नाही.

बर्डीचा_बारक्या

उशिरा लिहितो, माफी. सगळं रीसेट करून पुन्हा बसलो. उभा क्रॉप, आई सबंध, मूठ बरोबर मधोमध नाही पण नजर तिथंच जाते. डोळ्यांना जवळपास हात लावला नाही. काडी ठेवली, उजेड उतरवला. खांद्यावरच्या रेषा अर्ध्या परत आल्या, अर्ध्या गेल्या.

नागपुरात बर्डीतल्या एका लॅबमधून आधी सहा बाय नऊची चाचणी प्रिंट काढली हे बरं झालं. स्क्रीनवर छान दिसणारं पिल्लाचं डोकं कागदावर डांबराचा गोळा झालं होतं. माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण असतो, त्याचा घोळ. तो निम्म्यावर आणला, पिल्लाच्या मास्कला +०.३ दिलं, मग मोठी प्रिंट मॅट कागदावर काढली. पोरगी म्हणाली, "आता चालते."

वाढदिवसाला आईच्या हातात दिली. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मला वाटलं मुठीबद्दल बोलेल. म्हणाली, "एवढ्या उन्हात हिला पाणी मिळते का रे तिथं?" सोलर पंपाचे पाणवठे केलेत म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं फ्रेम खाली ठेवली.

आता ती देवघराच्या भिंतीवर लावायची म्हणते. रोज उदबत्तीचा धूर असतो. काच लावू की नुसतं मॅट लॅमिनेशन पुरेल?