मे महिन्यात मायकावरची पॉलिमर फिल्म वेगळीच का येतेय?

सोलापूरकर_एमएस्सी: प्रोजेक्टसाठी मायकावर (अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर) पॉलिएथिलीन ऑक्साइड या पॉलिमरची फिल्म करतोय, पाण्यातलं सोल्युशन टाकतो आणि वाळू देतो. जानेवारीत मायक्रोस्कोपखाली बारीक गोल दाणे भरगच्च दिसायचे, आता त्याच प्रमाणाचं सोल्युशन आहे पण दाणे मोजकेच आणि एकेक एवढा मोठा. बाहेर ४२, लॅबला एसी नाही, आत दुपारी ३८ तरी असतंच. पॉलिमर वितळतो ६५ च्या आसपास, मग दहा-बारा डिग्रीनं एवढा फरक पडतो का? सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा.

रवाळ: पडतो, भरपूर पडतो. वितळबिंदूपासून खाली मोज. जानेवारीत २५ धरलं तर ६५ च्या ४० खाली होतास, आता फक्त २७ खाली. ही दरी कमी झाली की केंद्रकं, म्हणजे जिथून दाणा वाढायला सुरुवात होते ते बिंदू, एकदम घटतात, मग जी थोडी उरतात त्यांना पसरायला मोकळं रान. लोणी कढवलेलं तूप हळू गार झालं की रवाळ होतं आणि फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत, तसंच बघ हे.

होटगी_रोड: मग गरमीत फिल्म लवकर पण वाढत असेल ना, पॉलिमरच्या लांब रेणूंच्या साखळ्या जास्त हलतात म्हणून?

रवाळ: नाही ना, इथं उलटं होतं. साखळ्या हलतात पण वितळबिंदू जवळ आला की बसलेली साखळी टिकतच नाही, परत सुटते. खूप थंडीत ग्लास ट्रान्झिशनजवळ, म्हणजे पॉलिमर काचेसारखा गोठतो त्या तापमानाजवळ, त्या हलतच नाहीत, तिथंही वाढ थांबते, सगळ्यात जास्त वेग या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. या पॉलिमरचं ग्लास ट्रान्झिशन शून्याच्या खूप खाली आहे, त्यामुळं ३० ते ५० मध्ये तापमान चढेल तसा वेग उतरतच जाणार.

लॅबवाली_ताई: मायकाकडं पण लक्ष दे बाळा, टेपनं थर सोलला की लगेच वापर, हवेतलं पाणी चिकटायला वेळ लागत नाही. स्फटिकाचा पृष्ठभाग साखळ्यांना दिशा देतो, मिठाच्या ताज्या फोडलेल्या खड्यावर पॉलिथिन वाढवलं तर त्याच्या स्फटिकांच्या सळया काटकोनातल्या दोनच दिशांत बसतात, मला तर आपल्या चादरीचा ताणाबाणाच आठवला होता. आणि नुसतं वाळवून तुलना करू नको, वाळायचा वेग पण उन्हानं बदलतो. वाळली की ८० ला दहा मिनिटं वितळव, मग ३०, ४०, ५० ला धर. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मायकाच्या वर लाव, मायकातून उष्णता कमी जाते, हॉटप्लेटचा आकडा खरा धरू नको.

सोलापूरकर_एमएस्सी: थँक्यू ताई! ४० आणि ५० आजच लावतो, ३० साठी पहाटे लॅब उघडून मिळते का सरांना विचारतो.