कोंब फुटताना कॅलसला एवढी साखर कशासाठी लागते?

प्रश्न (एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, बडोदे):
तंबाखूच्या कॅलसपासून (अवयव न बनलेल्या पेशींच्या गोळ्यापासून) कोंब मिळवण्याचा माझा प्रयोग चालू आहे. मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमात लिटरमागे 30 ग्रॅम सुक्रोज (साधी साखर) असले की कोंब येतात. 10 ग्रॅमवर आणले की कॅलस वाढतो, पण कोंब क्वचितच दिसतात. बरण्या उजेडात आहेत आणि कॅलस हिरवट आहे, तरीही एवढी साखर का लागावी? हार्मोन्सचे प्रमाण मी बदललेले नाही.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, बडोदे):
हिरव्या रंगावर विसंबू नका. बंद बरणीत कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो आणि उजेडही मंद असतो, त्यामुळे ऊतीला कार्बन मुख्यतः माध्यमातूनच घ्यावा लागतो. इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. थोडे विघटन ऑटोक्लेव्हमध्येच, म्हणजे माध्यम दाबाखालील वाफेने निर्जंतुक करतानाच, झालेले असते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. थॉर्प आणि मुराशिगे यांनी 1968 मध्ये दाखवले, की तंबाखूच्या कॅलसमध्ये जिथे कोंब येणार असतात तिथे ते दिसण्याआधीच स्टार्च साठतो, आणि कोंब घडू लागले की तो खर्ची पडतो. जिबरेलिक आम्ल हे वनस्पती-हार्मोन दिल्यास हा साठाही रोखला जातो आणि कोंबही. वेगाने विभागणाऱ्या पेशींना ऊर्जेइतकीच रायबोज (डीएनए-आरएनए घडवायला लागणारी शर्करा) आणि एनएडीपीएच (नवे रेणू बांधायला लागणारा सहघटक) यांचीही गरज असते, म्हणून अशा ऊतीत हे दोन्ही पुरवणारा, ग्लुकोज वापरण्याचा पेंटोज फॉस्फेट मार्गही अधिक चालतो.

उत्तर (ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत कार्यरत):
सरांच्या म्हणण्याला एक जोड द्यावीशी वाटते: साखर माध्यमाचा परासरण दाबही (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढून घेण्याची ताकद) ठरवते. तंबाखूच्या कॅलसवरील प्रयोगांत सुक्रोजचा काही भाग काढून त्याजागी मॅनिटॉल (एक शर्करा-अल्कोहोल) घातले, तरी कोंब आले. आणि मॅनिटॉल या पेशी अन्न म्हणून फारसे वापरत नाहीत. तुमच्या 10 ग्रॅमच्या माध्यमात लिटरमागे सुमारे 10.6 ग्रॅम मॅनिटॉल घाला, म्हणजे दाब 30 ग्रॅम सुक्रोजच्या जवळपास येईल. कोंब परतले तर कमतरता मुख्यतः दाबाची होती, अन्यथा कार्बनची, असे प्राथमिक अनुमान काढता येईल. केळीच्या व्यावसायिक रोपांसाठी बाजारची साखर चालते, परंतु या तुलनेसाठी शुद्ध सुक्रोजच घ्यावे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. स्टार्चची तपासणी केव्हा करावी?

प्राध्यापक:
कोंब डोळ्यांना दिसण्याची वाट पाहू नका, तोवर साठा उतरणीला लागलेला असतो. कॅलस माध्यमावर ठेवल्यापासून ठरावीक अंतराने पातळ छेद घेऊन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि 30 व 10 ग्रॅमच्या बरण्यांतील छेद शेजारी ठेवून पाहा. जिबरेलिक आम्लाची एक बरणीही सोबत ठेवा.