मदत हवी आहे : केबलचा सेट टॉप बॉक्स आणि रुंद टीव्ही यांचे चित्र जुळत नाही

तापीतीर :

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या आमच्या घरी ट्यूबचा जुना टीव्ही मागच्या खोलीत हलवून पुढच्या खोलीत ३२ इंची एलईडी टीव्ही लावला आहे. केबलचा सेट टॉप बॉक्स मात्र जुनाच, गावात डिजिटल केबल आली तेव्हाचा आहे आणि तो पिवळ्या, लाल व पांढऱ्या पिनांच्या वायरीने टीव्हीला जोडलेला आहे. चित्र स्वच्छ येते, आवाजाचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती आकाराची.

जुन्या मालिका लागल्या की सगळी माणसे आडवी पसरलेली दिसतात. सडपातळ नटसुद्धा पहिलवान वाटतो. चित्रपटांच्या वाहिन्यांवर वर आणि खाली काळे पट्टे येतात, तरीही माणसे बुटकी दिसतात, हे मला सर्वांत चमत्कारिक वाटते. टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलण्याचे बटण आहे. त्यावर ४:३ (रुंदी चार भाग, उंची तीन भाग) निवडले की जुन्या मालिकांमधले चेहरे अगदी बरोबर होतात, पण चित्रपट लावला तर तो चारी बाजूंनी काळी चौकट घेऊन मधोमध लहानसा दिसतो. ‘झूम’ निवडले की चित्रपट पडदाभर आणि प्रमाणात येतो, मात्र मालिकेतल्या माणसांची डोकी कापली जातात. दर वाहिनीला बटण दाबत बसणे आई-आबांना जमणारे नाही.

शिवाय बातम्यांच्या वाहिनीवर खालून धावणारी पट्टी अर्धी पडद्याबाहेर जाते. वादळी पावसाच्या दिवसांत आमच्याकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, त्यामुळे हवामानाची ती ओळ वाचता येणे आबांना मालिकांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

केबलवाल्यांचे म्हणणे असे, की रुंद टीव्हीवर हे असेच दिसणार आणि नीट हवे असेल तर एचडी बॉक्स घ्यावा लागेल. बॉक्सच्या मेनूत ‘टीव्ही टाइप’ आणि ‘डिस्प्ले मोड’ अशा दोन नोंदी आहेत. पहिलीत ४:३ आणि दुसरीत ‘लेटरबॉक्स’ निवडलेले दिसते. मागे एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच वायरीने नेणारी) खाचही आहे. नवा बॉक्स खरोखरच लागेल, की याच बॉक्समध्ये काही करता येईल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जंक्शन (भुसावळ) :

भाऊ, नव्या बॉक्सची घाई करू नका. आपण लक्षणे इतकी व्यवस्थित लिहिली आहेत की दोष कुठे आहे ते वाचतानाच कळते. आपला बॉक्स अजून असे समजून चालला आहे की त्याच्यासमोर जुना, चौकोनी पडद्याचा टीव्ही आहे.

साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते. गंमत अशी की जुन्या चौकोनी पडद्याचे ४:३ चे चित्र असो वा रुंद पडद्याचे १६:९ चे, ठिपके तेवढेच राहतात. ते किती रुंद पसरायचे याची सूचना चित्रासोबत वेगळी येते. ती सूचना वाचून बॉक्स चित्राला आकार देतो आणि त्यासाठी समोरचा पडदा कोणत्या प्रमाणाचा आहे हे त्याला मेनूतून सांगावे लागते. आपल्या बॉक्सला ४:३ सांगितले असल्यामुळे तो रुंद चित्रपट ५७६ पैकी मधल्या ४३२ ओळींत बसवतो, उरलेल्या १४४ ओळी काळ्या ठेवतो (यालाच ‘लेटरबॉक्स’ म्हणतात), आणि मग तुमचा टीव्ही ती सगळी चौकट, काळ्या पट्ट्यांसकट, आडवी ताणतो. पट्टेही दिसतात आणि माणसे बुटकीही, ते यामुळे. केबलच्या डिजिटायझेशनच्या चौथ्या टप्प्याची, म्हणजे ग्रामीण भागाची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. तेव्हा खेड्यांतल्या अनेक घरांत ट्यूबचेच टीव्ही होते, त्यामुळे बॉक्स ४:३ वर ठेवून दिला असेल तर नवल नाही.

पाळायचा नियम एकच आहे : आकार देण्याचे काम दोघांपैकी एकानेच करावे, आणि ते बॉक्सकडे द्यावे. बॉक्समध्ये ‘टीव्ही टाइप’ १६:९ करा, ‘डिस्प्ले मोड’ला ‘पिलरबॉक्स’ (४:३ चे चित्र न ताणता दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवणे) किंवा ‘ऑटो’ निवडा आणि ‘फुल’ टाळा, कारण ‘फुल’ म्हणजे पुन्हा ताणणेच. त्यानंतर टीव्हीचा आकार १६:९ वर ठेवा आणि ते बटण विसरून जा. हे तुमच्या पिवळ्या वायरीवरही चालेल. तरीही खाच आहे तर एचडीएमआय वायर लावावी असे मी सुचवेन, कारण तिच्यातून आकाराची सूचना टीव्हीपर्यंत नेमकी पोहोचते आणि अक्षरांच्या कडाही स्पष्ट होतात. मात्र बहुतेक टीव्ही प्रत्येक जोडणीसाठी आकार वेगळा लक्षात ठेवतात, तेव्हा वायर बदलल्यावर आकार पुन्हा तपासा.

तपासण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका. वाहिनीचे गोल बोधचिन्ह किंवा समोरून दाखवलेले भिंतीवरचे घड्याळ दिसले की पडद्यावर मोजपट्टी धरा. उंची ९ सेंटीमीटर आणि रुंदी १२ भरली, तर ४:३ चे चित्र ताणले जात आहे. दोन्ही सारखे भरले की काम झाले. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच असतो, म्हणून जुनी मालिका योग्य प्रमाणात असेल तेव्हा ती मधल्या ५३ सेंटीमीटरमध्येच दिसेल आणि दोन्ही बाजूंना ९-९ सेंटीमीटर काळे राहील. तो दोष नव्हे.

चाळीसगावकर :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण घरच्यांची मनाची तयारी आधी करून ठेवावी. आमच्याकडे बाजूचे काळे पट्टे पाहून ‘पैसे पूर्ण मोजले आणि टीव्ही अर्धा चालतो’ असे वडीलधाऱ्यांनी ऐकवले होते. आणखी एक गोष्ट अशी की काही वाहिन्या जुने कार्यक्रम स्वतःच ताणून सोडतात, तर काही काळे पट्टे चित्रातच घालून पाठवतात. अशा वेळी बॉक्सला ते चित्र मुळातच १६:९ चे वाटते आणि मेनूतल्या कोणत्याही नोंदीने फरक पडत नाही. म्हणून एकाच वाहिनीवरून निष्कर्ष काढू नये.

तापीतीर :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एचडीएमआय वायर आणून सांगितल्याप्रमाणे बदल केले. चित्रपट आता बटण न दाबता पडदाभर येतो, जुन्या मालिकांतली माणसेही माणसांसारखी दिसतात, आणि घड्याळ मोजपट्टीने गोल भरले. बातम्यांची पट्टी मात्र अजूनही खालून कापली जाते. शिवाय नवा प्रश्न निघाला आहे. मागच्या खोलीतला ट्यूबचा टीव्ही याच बॉक्सच्या पिवळ्या वायरीवर लावून पाहिला, तर त्यावर आता सगळे उभट आणि बारीक दिसते.

जंक्शन (भुसावळ) :

पट्टीचे कारण वेगळे आहे. ट्यूबच्या काळापासूनची पद्धत म्हणून टीव्ही चित्र किंचित मोठे करून दाखवतो आणि कडांचा थोडा भाग पडद्याबाहेर जातो. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या आकारांच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम नाव शोधा. ते बऱ्याच टीव्हींत एचडी दर्जाच्या संकेतावरच निवडता येते, म्हणून आधी बॉक्सच्या मेनूत रिझोल्यूशन ५७६ वरून ७२०पी किंवा १०८०आय करा. त्याने साधी वाहिनी एचडी होणार नाही, पण टीव्हीतली ती नोंद खुली होईल. नंतर एखाद्या वाहिनीवर अगदी वरच्या कडेला पांढरे तुटक ठिपके लुकलुकताना दिसले तर घाबरू नका; तो चित्रासोबत येणारा संकेत आहे, एरवी तो पडद्याबाहेर राहतो.

ट्यूबच्या टीव्हीचे म्हणाल तर अशा बॉक्समध्ये दोन्ही जोडण्यांना आकार एकच मिळतो. त्या टीव्हीच्या मेनूत १६:९ अशी नोंद असली, तर ती निवडा. तो चित्र उभे दाबून बरोबर प्रमाणात आणेल. शेवटच्या काळातल्या बऱ्याच ट्यूब टीव्हींना ती असे. नसेल, तर मागच्या खोलीसाठी वेगळा साधा बॉक्स घेऊन तो ४:३ आणि ‘लेटरबॉक्स’वर ठेवावा लागेल. त्यासाठीही एचडी बॉक्स लागत नाही, हे केबलवाल्यांना आवर्जून सांगा.